बंडाचा पडदा आणि बंडाची जमीन : मराठी ऐतिहासिक चित्रपट व पेण-रोहा परिसरातील स्वातंत्र्यलढा

१९३० : एक वर्ष, तीन घटना

१९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शिवचरित्रावरील एक मूकपट तयार केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीच त्यात शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. मिठाचा सत्याग्रह देशभर पेटलेला असताना ‘स्वराज्य’ हा शब्द पडद्यावर झळकणे परीक्षण मंडळास मानवणारे नव्हते. नावाला हरकत घेण्यात आली, निशाण फडकविण्याच्या अखेरच्या दृश्यालाही हरकत घेण्यात आली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित झाला. मराठी चित्रपटाच्या कोणत्याही इतिहासात ही हकीकत आढळते आणि तशी ती आढळणे योग्यच आहे.

त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी कुलाबा जिल्ह्यात, उरण भागातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. कोयते घेऊन जमलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ आंदोलक हुतात्मा झाले आणि मामलेदार जोशी हेही मृत्युमुखी पडले. पुढे तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १९३० रोजी, पेण तालुक्यात कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. नारायण नागू पाटील आणि महाड सत्याग्रहाच्या संयोजनातून पुढे आलेले अनंतराव चित्रे हे तिचे प्रमुख आयोजक होते. खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांची संघटना उभारण्याचा मार्ग या परिषदेतून मोकळा झाला.

एका वर्षातील या तीन घटनांपैकी पहिली चित्रपटाच्या इतिहासात गेली, दुसरी स्मारकात गेली आणि तिसरी मोजक्या अभ्यासकांच्या टिपणांत राहिली. मराठी ऐतिहासिक चित्रपटाने बंडाची जी भाषा घडविली, तिच्यात दुसऱ्या व तिसऱ्या घटनेला जागा का मिळाली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विचारविषय आहे. हा प्रश्न केवळ चित्रपटशास्त्राचा नाही. १९८१ पासून ‘रायगड’ हे नाव धारण करणाऱ्या या जिल्ह्यातील पेण, रोहा, अलिबाग, कर्जत येथील विद्यार्थी स्वातंत्र्यलढ्याची कल्पना पाठ्यपुस्तकाइतकीच पडद्यावरून घेतो, आणि पडद्यावर त्याला स्वतःचा गाव दिसत नाही.

तोरण आणि निशाण

ऐतिहासिक चित्रपटाची ही भाषा आकस्मिकपणे जन्माला आलेली नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सिंहगड’ काढला. हरी नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी त्याचा आधार होती आणि तरुण शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. चित्रपटास झालेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. शाहिराच्या पोवाड्यातून कादंबरीत आणि कादंबरीतून पडद्यावर आलेल्या या कथेला तयार प्रेक्षक होता. गड, दोर, मशाल, तलवार आणि अखेरीस फडकणारे निशाण ही तिची चिन्हे निरक्षर माणसालाही वाचता येत होती.

परकीय सत्तेविरुद्ध थेट बोलता येत नसलेल्या काळात या चिन्हांना मोठे काम होते. पडद्यावर आदिलशाही किल्लेदार असे. प्रेक्षागृहातील मनुष्य त्याच्या जागी कलेक्टरला पाहत असे. भालजी पेंढारकर, बाबूराव पेंटर, शांताराम या साऱ्यांचा ऐतिहासिक चित्रपट अशा प्रकारे रूपक म्हणून जगला. परीक्षण मंडळाला ‘उदयकाल’मधील निशाण खुपले, याचाच अर्थ रूपक नेमके पोचले होते. या अर्थाने परीक्षकांइतका जाणता रसिक त्या चित्रपटास क्वचितच लाभला असेल.

अडचण पुढे निर्माण झाली. १९४७ नंतर रूपकाची गरज संपली, परंतु चिन्हे तशीच राहिली. कलेक्टर निघून गेला आणि तलवारीचे टोक ज्याच्याकडे होते ती जागा रिकामी झाली. ही रिकामी जागा नंतरच्या चित्रपटांनी कशी भरली, हे पाहण्यासाठी ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ (२०२०) हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तानाजी मालुसरे हे रायगड जिल्ह्याशी निगडित नाव. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे त्यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्यावरील झुंजीची कथा या चित्रपटाने त्रिमितीच्या भव्य तंत्राने मांडली. त्यातील दृश्यरचनेचे कौशल्य नाकारता येणार नाही. कड्यावरील चढाईची लय, अंधाराचा वापर आणि शरद केळकर यांनी साकारलेले संयत शिवाजी महाराज ही त्याची बलस्थाने आहेत.

मात्र उदयभानाच्या चित्रणात हा चित्रपट इतिहासापासून फार दूर जातो. मोगलांच्या सेवेतील एक राजपूत किल्लेदार येथे मगरीचे मांस भाजून खाणारा क्रूरकर्मा होतो. कोंढाण्यावरून थेट राजगडावर मारा करू शकणारी ‘नागीन’ नावाची अजस्र तोफही कथेत येते. गड परत का घ्यावयाचा, याचे उत्तर तोफेने दिल्यामुळे दुसरे उत्तर शोधण्याची आवश्यकताच उरत नाही. पुरंदरच्या तहातील मानहानी, मुलखाचा वसूल, किल्ल्याभोवतीच्या गावांचे स्वामित्व या गोष्टी कथेच्या कडेला जातात आणि मध्यभागी भगव्या व हिरव्या रंगांचा संघर्ष उरतो. १९३० साली जे रूपक सत्तेकडे बोट दाखवीत होते, ते २०२० साली समाजातील एका गटाकडे बोट दाखवू शकते. चिन्हे तीच असली तरी त्यांचे कार्य बदललेले आहे, आणि समीक्षेने हा बदल नोंदविणे अगत्याचे आहे.

मावळा कोण?

‘तान्हाजी’त व तत्पूर्वीच्या बहुतेक शिवकालीन चित्रपटांत मावळा हा नायकाच्या मागे धावणारा समुदाय असतो. तो निष्ठावान, विनोदी, प्रसंगी मरणास सिद्ध असतो. पण लढाई नसेल त्या दिवशी तो काय करीत असेल, हे कधी दिसत नाही. वस्तुतः तो शेतकरी होता आणि शेताच्या प्रश्नाशीच स्वराज्याची उभारणी बांधलेली होती.

ही सामग्री साधनांत नाही असे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत देशमुख, देशकुलकर्णी आदी वतनदारांच्या बळकट वाड्यांची व हुड्यांची मोडतोड, त्यांच्या मनमानी वसुलीला घातलेला आळा आणि जमिनीची मोजणी यांचा उल्लेख आहे. ऐतिहासिक चित्रपटकर्ते या बखरीतून अफझलखानाचा प्रसंग उचलतात, आग्र्याहून सुटका उचलतात. वतनदाराचा हुडा पाडण्याचा प्रसंग मात्र कोणी उचलत नाही. दृश्य म्हणून तो कमी का आहे? गावावर धाक ठेवणारी भिंत कोसळते आणि ज्यांच्यावर धाक होता ती माणसे ती कोसळताना पाहतात, यापेक्षा चित्रपटाला अधिक काय हवे?

महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये रचलेल्या शिवाजी महाराजांवरील पोवाड्यात राजाला ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. म्हणजे गड आणि निशाण यांच्या बाहेरची, कुळवाड्याच्या अंगणातून शिवचरित्राकडे पाहणारी परंपराही चित्रपटाच्या जन्माआधी अर्धशतक उपलब्ध होती. मराठी चित्रपटाने दोन परंपरांपैकी एक निवडली. त्या निवडीमागे सर्वस्वी दुष्ट हेतू होता, असे मानण्याचे कारण नाही. तलवार दाखविणे सोपे असते. खंड किती आणि तो का, हे दाखविणे कठीण असते.

पेण-रोह्याच्या परिसरात हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. कुंडलिकेच्या खोऱ्यात अवचितगड आहे, खांबजवळ सुरगड आहे, पेणजवळ सांकशीचा किल्ला आहे. पावसाळ्यात तेथे दुर्गप्रेमींच्या मोहिमा निघतात आणि त्या स्तुत्य आहेत. परंतु गडावरून खाली पाहिले की दिसतात ती खारेपाटातील भाताची शेते, खाडीचे पाणी अडविणारे बांध आणि मिठागरांच्या खुणा. समुद्राकडून जमीन मिळवून ती राखण्याचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. ‘शिलोत्री’ नावाची स्वतंत्र जमीनपद्धतीच त्यातून निर्माण झाली. एक उधाण आले आणि बांध फुटला, तर काही वर्षे पीक नाही. या जमिनीवर खोताचा, सावकाराचा आणि सरकारचा हक्क कोणत्या क्रमाने होता, हे ज्याला ठाऊक नाही त्याला येथील बंड कळणे अवघड आहे.

न नांगरलेले शेत

शेतकऱ्याचे दुःख मराठी चित्रपटाने दाखविलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला, त्यांनीच दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि १९३६ मध्ये त्याचा बोलपटही केला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरातील गिरणीत मजूर होणारा शेतकरी मूकपटात शांताराम यांनी उभा केला होता. अंधारातील झोपडी आणि रडणारा कुत्रा यांचे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. वास्तववादी भारतीय चित्रपटाचा आरंभ अनेक अभ्यासक येथूनच धरतात.

परंतु ‘सावकारी पाश’मधील शेतकरी बंड करीत नाही आणि ‘सिंहगड’मधील बंडखोर शेती करीत नाही. एकाच दिग्दर्शकाच्या हातून, अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने झालेली ही विभागणी पुढे मराठी चित्रपटाची रीतच होऊन बसली. बंडाचा चित्रपट ‘ऐतिहासिक’ ठरला, दुःखाचा चित्रपट ‘सामाजिक’ ठरला. पोशाख, भाषा, संगीत, पारितोषिकांचे वर्गसुद्धा निराळे झाले. बांधावरचा माणूस संघटितपणे उठला तर त्याला कोणत्या खान्यात घालावयाचे, याची सोयच उरली नाही.

आणि तो उठला होता. पेणच्या परिषदेनंतर तीन वर्षांनी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांची सभा झाली आणि खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. सुमारे २५ गावे त्यात सामील झाली. हा संप १९३९ पर्यंत टिकला. सहा पावसाळे आले आणि गेले. शेतात नांगर गेला नाही. माणसे डोंगरातील लाकूडफाटा व करवंदे विकून जगली. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरी येथे आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटील यांचे ‘कृषीवल’ सुरू झाले. १९३९ मध्ये कुळांच्या हक्काला कायद्याने मान्यता देण्याच्या दिशेने शासनाने पाऊल टाकले, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कूळकायद्यात ‘कृषकदिन’ ठरला. एका परिषदेपासून एका कायद्यापर्यंतची ही वाट महाकाव्याला साजेशी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. संप म्हणजे काही न करणे, आणि कॅमेऱ्याला तर कृती हवी. तेव्हा चरीचा संप चित्रपटाच्या स्वभावातच बसत नाही, असे म्हणता येईल. हा आक्षेप वजनदार वाटला तरी टिकणारा नाही. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील धारासणेचे दृश्य आठवावे. मिठागराच्या फाटकाशी सत्याग्रही रांगेने पुढे येतात, लाठीचा मार घेतात, स्त्रिया त्यांना उचलून नेतात आणि पुढची रांग येते. हात वर न करणाऱ्या माणसांचे हे दृश्य त्या चित्रपटातील कोणत्याही गोळीबाराइतकेच अंगावर येते, याचे कारण त्याची रचना पुनरावृत्तीवर आधारलेली आहे. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटातील महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंगही असाच आहे. ओंजळीने पाणी पिणे ही जगातील सर्वांत साधी क्रिया. ती कोण करतो आणि कोठे करतो, यावरून ती बंड ठरते. महाड याच जिल्ह्यात आहे. तेव्हा साध्या क्रियेतून, किंबहुना क्रिया नाकारण्यातून, भव्यता निर्माण करता येते हे सिद्ध झालेले आहे. न नांगरलेल्या शेतावर सहाव्यांदा पाऊस पडतो, बांधावर तण वाढते, खोताचा कारकून कोरी कबुलायत घेऊन दारातून परत जातो. अशी दृश्ये रचण्यास तोफ लागत नाही. प्रतीक्षा दाखविण्याचे धैर्य लागते.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. एक माणूस उभा राहतो, युद्धाविरुद्ध भाषण करतो आणि अटक होते, एवढाच तो प्रसंग. असे प्रसंगही प्रचलित ऐतिहासिक चित्रपटाच्या जाळ्यातून निसटतात.

जिल्ह्यातील दोन नायक

या जिल्ह्यातील ज्या क्रांतिकारकांवर चित्रपट झाले, त्यांची उदाहरणे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण येथे झाला. पनवेलहून पेणकडे येताना दिसणाऱ्या कर्नाळा किल्ल्याशी त्यांच्या घराण्याचा संबंध होता. गजेंद्र अहिरे यांनी २००७ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. अजिंक्य देव त्यात प्रमुख भूमिकेत होते. फडक्यांचे बंड १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर उभे राहिले आणि त्यांचे साथीदार रामोशी, कोळी अशा समाजांतील होते. दौलतराव रामोशी यांनी मे १८७९ मध्ये पळस्पे येथे घातलेला छापा तर याच कोकणपट्टीतला. दुष्काळाने हैराण झालेला मुलूख आणि त्यातून उठलेली माणसे हा या चरित्राचा खरा ऐवज होय. चरित्रपटाच्या साच्यात मात्र एका असामान्य पुरुषाचा जन्म, प्रतिज्ञा, पराक्रम, फितुरी, शिक्षा आणि मरण असा क्रम आधीच ठरलेला असतो. दुष्काळ त्यात निमित्तापुरता येतो आणि दौलतराव हा ‘साथीदार’ होतो.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. ‘तान्हाजी’ प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये, ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपटही प्रदर्शित झाला. एकाच जिल्ह्यातील दोन नायकांचे चित्रपट दोन आठवड्यांच्या अंतराने चित्रपटगृहांत आले, आणि एकाची चर्चा देशभर झाली, दुसरा पडद्यांची संख्या मिळविण्यासाठी झगडला. भाई ऊर्फ विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे जन्मले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेत निवडून गेले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या, आदिवासी व शेतकरी मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ मध्ये त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले.

या चरित्रात दोन चित्रपट दडलेले आहेत. एक सिद्धगडाचा, दुसरा धान्यकोठीचा. चित्रपटाच्या नावातील ‘शहीद’ या शब्दानेच पहिल्याची निवड जाहीर केली. हौतात्म्य अर्थातच वंदनीय आहे. परंतु धान्यकोठी चालविणारा माणूस विजेचे मनोरे पाडण्यापर्यंत कसा पोचला, आणि डोंगरातील गावांनी त्याला महिनोन्‌महिने का लपविले, हा प्रश्न सोडविल्याशिवाय सिद्धगडही समजत नाही. गावांनी त्याला लपविले, कारण पावसाळ्यात त्याच्या कोठीतील भात त्यांच्या घरात आला होता. महाकाव्याची मुळे अशा हिशेबाच्या वहीत असतात, हे मान्य करण्यास आपला चरित्रपट अद्याप राजी नाही.

पडद्यावरील प्रतिमा प्रेक्षागृहात थांबत नाही, याचा पुरावा पेणमध्ये शोधावयास लांब जावे लागत नाही. ‘बाहुबली’ या चित्रपटाच्या यशानंतर त्या रूपातील गणेशमूर्तींची मागणी सर्वत्र आली. मूर्तिकारांच्या कारखान्यांत ग्राहक चित्र घेऊन येतो आणि कारागीर ते मातीत उतरवितो. त्यात कारागिराचा दोष नाही. मात्र हमरापूर-जोहे पट्ट्यातील ज्या आगरी-कोळी-शेतकरी घरांतून हे हात येतात, त्यांच्या आजोबांनी खोताला दिलेल्या नकाराची प्रतिमा कोठेच उपलब्ध नाही. जिचे चित्र नाही, तिची मूर्ती कोण मागणार?

महाविद्यालयीन अध्यापनात याचा विचार होण्यास वाव आहे. इतिहास, मराठी आणि अर्थशास्त्र या तिन्ही विभागांचा चरीच्या संपाशी संबंध येतो. ‘कृषीवल’चे जुने अंक, कायदेमंडळातील चर्चा, खोतीच्या दाव्यांचे कागद आणि गावोगावच्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी ही पटकथेसाठी लागणारी सामग्री आहे, आठवणी सांगणारी पिढी मात्र झपाट्याने कमी होत आहे. ‘तान्हाजी’वर वर्गात चर्चा घडवावयाची असेल, तर सभासदाच्या बखरीतील वतनदारांविषयीचा मजकूर त्याशेजारी ठेवून वाचता येईल. ‘उदयकाल’च्या नावबदलाची हकीकत सांगताना चिरनेरचा दिनांक फळ्यावर लिहिता येईल.

जमिनीचे हे कथानक १९५७ मध्ये संपलेही नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावयाची की नाही, यावर शासनाने शेतकऱ्यांचे मत मतपेटीतून घेतले. चरीप्रमाणेच येथेही शेतकऱ्याने आपल्या जमिनीविषयी स्वतः उत्तर दिले. बातमीपत्रांच्या कॅमेऱ्यांनी त्या दिवसाची दृश्ये टिपली: शाळेच्या वर्गखोल्या, रांगेतील वृद्ध स्त्रिया, सातबाऱ्यावरील नावे तपासणारे कर्मचारी. वृत्तवाहिन्यांच्या संग्रहांत पडून राहिलेल्या या चित्रफिती अजून कोणत्याही चित्रपटात आलेल्या नाहीत.